तायडे सरांचा तेविसावा प्रश्न

प्रा. दामोदर तायडे कोणाला ‘कसे आहात?’ असे विचारीत, तेव्हा ते उत्तराची वाट पाहत. एवढ्यानेही ते चारचौघांत वेगळे ठरले असते. परंतु ते तेथे थांबत नसत. शर्टाच्या खिशातून लाल पुठ्ठ्याची छोटी वही काढीत, पेन्सिलीचे टोक जिभेला लावीत आणि समोरच्याकडे पाहत उभे राहत. समोरचा ‘बरा आहे’ म्हणाला की विचारीत, ‘कशाच्या मानाने?’

या प्रश्नाला बहुतेकांपाशी उत्तर नसे. ग्रंथपालांनी तर तायडे सर समोरून येताना दिसले की मागच्या जिन्याने जाण्याचा परिपाठ ठेवला होता. पुढे तायडे सरांनी त्याचीही नोंद केली: ‘ग्रंथपाल. मागचा जिना. दम लागत नाही. प्रकृती उत्तम असावी.’ एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात वधूपित्याने पंगतीत येऊन ‘बुंदी कशी झाली आहे?’ असे विचारले. सरांनी ‘चांगली’ असे उत्तर दिले, क्षणभर थांबून स्वतःलाच ‘कशाच्या मानाने?’ असे विचारले, आणि मग वधूपित्याला त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नातील बुंदीशी केलेली तुलना ऐकवली. थोरलीच्या लग्नातील बुंदी सरस ठरली. त्या घरचे आमंत्रण त्यांना पुन्हा आले नाही.

त्यांचे समाधान फक्त एका माणसाने केले. तो आमचा शिपाई सुपडू. त्याला विचारले, तेव्हा तो झाडू न थांबवता म्हणाला, ‘‘सकायपेक्षा बरा शे, सर. रविवारपेक्षा खराब.’’

‘‘या इमारतीत शास्त्रीय उत्तर देणारा हा एकच माणूस आहे,’’ असे सर मला म्हणाले.

मी जळगावच्या त्या महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक होतो. सर्व जण मला भाऊसाहेब म्हणत. नावाची गरज तेथे फारशी पडली नाही. तायडे सर संख्याशास्त्र शिकवीत. त्या विषयाला विद्यार्थी थोडे असल्याने सरांपाशी वेळ पुष्कळ असे, आणि तो ते इतरांना मोजण्यात घालवीत. शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने ते बोदवडला जात आणि सोमवारी सकाळी परत येत. तेथे त्यांचे घर होते. बायकामुले तिकडे असावीत, असे सारे महाविद्यालय धरून चालले होते. मीही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमचे प्राचार्य पुण्याच्या एका परिषदेहून परतले, ते एक योजना घेऊनच. तिचे नाव ‘विद्यार्थी व कर्मचारी आरोग्यसंवर्धन योजना’. पहाटे सहाला मैदानावर कवायत, आठवड्यातून दोनदा मेहरूण तलावापर्यंत चालणे, दिवसाला चहाचे दोनच कप, आणि महिन्यातून एक व्याख्यान. वर्षाअखेरीस बाहेरची समिती येऊन फलिताची तपासणी करणार होती आणि योजना पुढे चालू ठेवायची किंवा नाही, हे ठरवणार होती. मूल्यमापनाचे काम अर्थातच तायडे सरांकडे आले.

त्यांनी ते स्वीकारले, परंतु एक अट घातली. दर गुरुवारी दुपारी सर्वांनी आपापले डबे घेऊन ग्रंथालयामागच्या ओसरीवर एकत्र जेवायचे, हे कलम योजनेत घालावे.

प्राचार्य म्हणाले, ‘‘तायडे, आपण लोकांना कमी खायला सांगतो आहोत. आणि तुम्ही पंगत मांडता?’’

‘‘लोक काय खातात ते तुम्ही पाहा, सर. कोणाबरोबर खातात ते मला पाहू द्या.’’

कलम मंजूर झाले. पहिल्या गुरुवारी प्राध्यापक प्राध्यापकांसमोर, लिपिक लिपिकांसमोर आणि वसतिगृहातील मुले खांबाआड बसली. दुसऱ्या गुरुवारी सरांनी रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या. ज्याच्या चिठ्ठीवर जो क्रमांक, त्याने त्या जागेवर बसायचे. प्राचार्यांच्या समोर सुपडू आला. सुपडूने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा ठेवून त्यांच्यापुढे धरला. प्राचार्यांनी तो खाल्ला आणि पुढचा तासभर ते कोणाशी बोलू शकले नाहीत. कार्यालयात त्या दिवशी बरेच काम झाले. माझ्या समोर धडगावकडचा एक विद्यार्थी आला. तो बोलत नसे. मीही बोलत नाही. तीन गुरुवार चिठ्ठ्यांनी आम्हांला योगायोगाने समोरासमोर बसवले. तिसऱ्या गुरुवारी तो म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, मीठ देता?’’ मी दिले. सरांनी दुरून नोंद केली.

मूल्यमापनाची प्रश्नावली वर्षातून दोनदा भरून घ्यायची होती: आरंभी एकदा, अखेरीस एकदा. बावीस प्रश्नांना प्राचार्यांची मंजुरी होती. झोप किती, चहा किती, जिना चढताना दम लागतो काय, असे ते प्रश्न होते. तेविसावा त्यांनी स्वहस्ते काट मारून काढला होता. आमच्या टंकलेखकाने स्टेन्सिलवर बावीसच प्रश्न उमटवले. छपाईच्या दिवशी मी सायक्लोस्टाइल यंत्रापाशी गेलो, तेव्हा निघणाऱ्या प्रत्येक प्रतीच्या तळाशी तायडे सरांच्या किरट्या अक्षरांत एक ओळ होती. त्यांनी स्टेन्सिलवर ती अणकुचीदार सळईने स्वतः कोरली होती.

‘२३. काल रात्री जेवताना समोर कोण होते?’

‘‘सर, याला मंजुरी नाही,’’ मी म्हणालो.

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘स्टेन्सिल पुन्हा कापायला दोन दिवस लागतील, भाऊसाहेब. वाटप उद्या आहे.’’

उशीर हा मला अनियमिततेहून अधिक अप्रिय आहे, हे त्यांना ठाऊक होते. प्रती वाटल्या गेल्या.

प्रश्नावलीवर नाव लिहायचे नव्हते, केवळ क्रमांक होता. मी बावीस प्रश्नांची उत्तरे दिली आणि तेविसाव्यापुढे ‘गैरलागू’ असे लिहिले. माझी पत्नी त्याआधी दोन वर्षे वारली होती. मुलगी सासरी पाचोऱ्याला होती. येथे याहून अधिक तपशिलाचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सर माझा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

‘‘भाऊसाहेब, हे उत्तर मोजता येत नाही.’’

‘‘कागदावर नाव नाही. तो माझा आहे, हे कशावरून?’’

‘‘‘गैरलागू’ हा शब्द या इमारतीत दुसरे कोणी वापरत नाही.’’

मी पेन्सिलीने तो शब्द खोडला आणि ‘कोणी नाही’ असे लिहिले. त्यांनी कागद घेतला, घडी न घालता वहीत ठेवला आणि ते गेले. काही बोलले नाहीत, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने धरली.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी ते माझ्या दारात उभे होते. हातात दोन पुडांचा स्टीलचा डबा.

‘‘काय काम आहे?’’

‘‘नमुन्याची फेरतपासणी. मूल्यमापनाचा भाग आहे.’’

मी त्यांना आत घेतले. मूल्यमापन हे कार्यालयीन काम होते. त्यांच्या डब्यात उडदाची डाळ होती, माझ्याकडे वांग्याचे भरीत. एक घास घेऊन ते पाणी प्याले, दुसरा घास घेऊन पुन्हा पाणी प्याले आणि म्हणाले, ‘‘मिरची जास्त आहे.’’

‘‘मला चालते.’’

वही निघाली. नोंद झाली. त्यानंतर दर सोमवारी फेरतपासणी होऊ लागली. बोलणे थोडे असे. कधी ते भरिताच्या वांग्यांविषयी बोलत; कोणत्या गावच्या वांग्यात बी किती, याचे त्यांच्यापाशी तीन हिवाळ्यांचे कोष्टक होते. दर सोमवारी मिरची जास्त असे आणि दर सोमवारी ते तसे सांगत. मी त्यात बदल केला नाही. एका परीक्षकाच्या शेऱ्यावरून पद्धत बदलणे मला योग्य वाटले नाही. पत्नीच्या मागे एकट्या राहिलेल्या माणसाची ते दया करीत आहेत, अशी माझी समजूत होती. दया मला आवडत नाही. तरी सोमवारी मी भरीत थोडे अधिक करीत असे.

आता वजनाकडे येतो.

योजनेच्या आरंभी सर्वांची वजने घेतली होती. जिमखान्याचा काटा गंजल्यामुळे बाजार समितीतील एका व्यापाऱ्याकडून धान्याचा मोठा काटा आणला होता. त्या वेळी तायडे सरांनी स्वतः उभे राहून प्रत्येकाचे वजन केले आणि तीन-तीनदा तपासले. वर्षाअखेरीस पुन्हा वजने घ्यायची वेळ आली, तेव्हा सर परीक्षक म्हणून धुळ्याला गेले होते. काटा तोच आला. या खेपेस त्याच्याबरोबर व्यापाऱ्याचा मापाडी उखाभाऊ आला आणि त्याने काट्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तो वजन पुकारी, आमचा लिपिक लिहून घेई.

निकाल पाहून महाविद्यालय आनंदित झाले. प्रत्येकाचे वजन घटले होते. प्राचार्यांचे तीन किलो. त्यांनी पेढे वाटले आणि पट्टा एक भोक आत गेल्याचे सर्वांना कोट बाजूला करून दाखवले. इतिहासाच्या प्राध्यापकांनी आपली विजार सैल होत असल्याचे सहा महिने जाणवत होते, असे सांगितले. टंकलेखकाने तर चेहऱ्यावर तेज आल्याचे सांगितले. कोणाच्या, ते त्याने स्पष्ट केले नाही.

धुळ्याहून परतल्यावर सरांनी तक्ता पाहिला. पाच मिनिटे पाहिला. मग माझ्यापुढे ठेवला.

‘‘भाऊसाहेब, प्राचार्य वगळता प्रत्येक माणूस दोन किलोंनी उतरला आहे.’’

‘‘योजनेचे यश.’’

‘‘पहारेकरीही दोन किलोंनी उतरला आहे. तो वर्षात एकदाही मैदानावर आलेला नाही. तुम्हीही आलेला नाहीत.’’

‘‘मी चालतो.’’

‘‘दारापासून टेबलापर्यंत. निसर्ग इतके समान वाटप करीत नाही.’’

त्याच दुपारी आम्ही बाजार समितीत गेलो. उखाभाऊ पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. तो मूळचा धुळ्याकडचा. सर त्याच्यासमोर उकिडवे बसले.

‘‘उखाभाऊ, आमच्या कॉलेजातली वजनं तुम्हीच केलीत ना?’’

‘‘हा, मीच. बठ्ठा मास्तर तोलात.’’

‘‘मग दोन-दोन किलो कमी कशी भरली?’’

उखाभाऊने सरांकडे, मग माझ्याकडे, शिकलेल्या माणसांविषयी वाटावी तशा करुणेने पाहिले. ‘‘कडता ते कापनाच पडस ना, सर! कपडा, चप्पल, सकायना चहापानी. बठ्ठासले सारखा. दोन किलो.’’

बाजारात मालाचे वजन करताना ओलाव्यापोटी, कचऱ्यापोटी काही भार सरसकट, उखाभाऊच्या भाषेत ‘बठ्ठासले’, वजा करतात. त्याला कडता म्हणतात. उखाभाऊने महाविद्यालयाचा कडता कापला होता.

‘‘आणि प्राचार्यांचे तीन?’’ मी विचारले.

‘‘मोठा माल शे,’’ उखाभाऊ म्हणाला.

तायडे सरांना मी हसताना पाहिले, ते त्या एकाच दिवशी. ते पोत्याला धरून हसले. उखाभाऊला अपमान वाटू नये म्हणून त्यांनी त्याच्या हाताला हात लावला. परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी वहीत प्रत्येकाच्या वजनात कडता परत मिळवला. महाविद्यालयाच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, ‘‘म्हणजे कोणीच उतरले नाही.’’

‘‘समिती परवा येते आहे,’’ मी म्हणालो.

‘‘हो.’’

आम्ही प्राचार्यांच्या खोलीत गेलो. सरांनी घडलेली गोष्ट सांगितली आणि वजनाचा तक्ता अहवालातून काढावा लागेल, असे म्हणाले. प्राचार्य वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी आधी पट्ट्याकडे पाहिले.

‘‘तायडे, तक्ता काढला तर अहवालात उरतं काय? चहा कोणी कमी केला नाही. कवायतीला पावसाळ्यानंतर तुम्ही, मी आणि एक कुत्रं.’’

‘‘तेविसावा प्रश्न उरतो.’’

‘‘तो मी काढला होता.’’

‘‘हो, सर.’’

‘‘समिती योजना बंद करील.’’

‘‘करील.’’

‘‘तुमचा गुरुवारसुद्धा जाईल. वजनाबद्दल तुम्हां-आम्हां तिघांनाच माहीत आहे, तायडे. आणि त्या मापाड्याला.’’

तायडे सर थोडा वेळ खिडकीतून ग्रंथालयामागच्या ओसरीकडे पाहत होते. तो मंगळवार होता. ओसरी रिकामी होती.

‘‘जाईल,’’ ते म्हणाले. ‘‘तरी तक्ता काढावा लागेल.’’

मी तक्ता काढला आणि पान पुन्हा टंकलिखित करवून घेतले. समितीत तिघे होते. त्यांनी अहवाल चाळला आणि शेवटच्या पानावर एकाने बोट ठेवले.

‘‘हे काय? जेवताना समोर कोण होते? याचा आरोग्याशी काय संबंध?’’

सर उभे राहिले. ‘‘वर्षाच्या आरंभी बऱ्याच जणांनी ‘कोणी नाही’ असे लिहिले होते. अखेरीस तसे लिहिणारे निम्मेही उरले नाहीत. गुरुवारी समोर बसलेली माणसे इतर दिवशीही एकमेकांना शोधू लागली, असे दिसते.’’

‘‘त्यामुळे प्रकृती सुधारली, हे सिद्ध होते?’’

सरांना एक ‘हो’ पुरला असता. समितीला जेवणाची घाई होती. त्यांनी तो मान्य केला असता.

‘‘नाही,’’ सर म्हणाले. ‘‘समोर माणूस होता, एवढेच सिद्ध होते.’’

योजना बंद झाली. पुढच्या गुरुवारी चिठ्ठ्यांचा डबा निघाला नाही. धडगावचा विद्यार्थी ओसरीपाशी येऊन थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मी खिडकी लावून घेतली. फायलींवर धूळ येत होती.

सोमवारी संध्याकाळी दारावर थाप पडली. सर डबा घेऊन उभे होते.

‘‘सर, योजना बंद झाली,’’ मी म्हणालो.

‘‘योजना बंद झाली. मूल्यमापन चालू आहे,’’ असे म्हणून ते आत आले आणि मिरची जास्त असल्याचे त्यांनी सांगितले.

त्यानंतर वर्षभराने निरुपयोगी कागद रद्दीत काढण्याचा आदेश निघाला. असे कागद नष्ट करण्यापूर्वी अधीक्षकाने स्वतः पाहावेत, असा नियम आहे. मी प्रश्नावल्यांचे गठ्ठे सोडले. सर्वांत वर क्रमांक एकचा कागद होता. किरटे अक्षर ओळखण्यास नावाची आवश्यकता नव्हती. दुसऱ्यांना प्रश्न देण्याआधी सरांनी ते स्वतःला विचारले होते.

घरातील व्यक्तींची संख्या: एक.

आणि तळाशी, तेविसाव्यापुढे: कोणी नाही.

मी कपाटातून त्यांचे सेवापुस्तक काढले. वारस म्हणून आईचे नाव होते. ते तांबड्या शाईने खोडलेले होते. समासात ‘मयत’ असा शेरा आणि खाली सक्षम अधिकाऱ्याची सही. नोंद योजनेच्या तीन वर्षे आधीची होती. सही माझी होती. मी ती नोंद तपासली होती, शाई वाळवली होती आणि पुस्तक कपाटात ठेवले होते. तो माणूस त्या दिवशी कोठे जेवला, हा प्रश्न नमुन्यात नव्हता. बोदवडला ते कुलूप उघडून घर झाडायला जात, हे पुढे कधीतरी त्यांच्याच बोलण्यातून कळले.

दुसऱ्या फेरीचा गठ्ठा सोडला. क्रमांक एक. तेविसाव्या प्रश्नापुढे लिहिले होते:

‘भाऊसाहेब. (भाजीत मिरची जास्त.)’

गठ्ठे रद्दीत गेले. दोन कागद गेले नाहीत. त्या स्टेन्सिलखेरीज माझ्या संपूर्ण सेवेतील ही एकमेव अनियमितता आहे. तिचे समर्थन मी करीत नाही.

तो सोमवार होता. संध्याकाळी मी वांगी भाजली. मिरच्या मोजून घेतल्या आणि निम्म्या परत टोपलीत टाकल्या.

सर आले. ताट समोर घेऊन बसले. सवयीने पाण्याचा पेला आधीच उजव्या हाताशी ओढून घेतला. एक घास घेतला. थांबले. दुसरा घास घेतला. पेल्याला हात लावला नाही.

‘‘भाऊसाहेब,’’ ते म्हणाले, ‘‘आज मिरची कमी आहे.’’

‘‘कशाच्या मानाने?’’ मी विचारले.

त्यांचा हात खिशाकडे गेला. लाल वही निघाली, पेन्सिल जिभेला लागली. त्यांनी ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मग काहीही न लिहिता वही मिटली, खिशात ठेवली आणि भरीत आणखी मागितले.